चार्ल्स्टन की सव्हाना?

दोन्ही शहरं अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर, गाडीने जेमतेम दोन तासांच्या अंतरावर. सुट्टी तीनच दिवसांची असेल तर एकच निवडावं.

आजी-आजोबा सोबत असतील तर सव्हाना. १७३३ मध्ये वसलेल्या या गावात २४ चौक आखले गेले, त्यातले २२ अजून आहेत. थोडं चाललं की ओकची सावली आणि बसायला बाक. आईचे गुडघे दुखत असूनही ती दिवसभर फिरली. पुलास्की किल्ल्यापर्यंत गाडी जाते. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६२ मध्ये, नव्या रायफल्ड (नळीत आतून पीळदार खाचा असलेल्या) तोफांनी त्याची भिंत सुमारे तीस तासांत फोडली. ते खड्डे पाहून धाकटा गप्पच झाला.

चार्ल्स्टनचा सम्टर किल्ला मात्र बोटीनेच गाठावा लागतो, आणि वेळ बोटीची, आपली नव्हे. १२ एप्रिल १८६१ ला याच किल्ल्यावर त्या यादवी युद्धाची पहिली तोफ डागली गेली. पण मला हे शहर आवडलं ते वेगळ्याच कारणाने. इथल्या जुन्या विटांवर कुठे कुठे बोटांचे ठसे दिसतात, ओल्या मातीत उमटलेले. त्या विटा गुलामांनी थापल्या, त्यांत लहान मुलंही होती. माझ्या लेकीने त्या खळग्यात आपलं बोट ठेवलं, ते नीट बसलं. जिथे गुलामांची जहाजं लागत त्या गॅड्सडेन धक्क्यावर २०२३ पासून संग्रहालय आहे; त्याला अर्धा दिवस द्याच.

मुलं दहाच्या पुढची असतील तर मी चार्ल्स्टनच म्हणेन.