उलिन म्हणून घेतलेल्या फळ्या

बोर्निओत कुणी तुम्हाला उलिन नावाचं लाकूड विकायला आला आणि आधी पाण्याची बादली मागू लागला, तर सावध व्हा. मी झालो नाही, म्हणून हे लिहितोय.

नोकरीमुळे मी बोर्निओ बेटाच्या इंडोनेशियातल्या भागात, पूर्व कालिमंतान प्रांतातल्या समरिंदा शहरात राहतो. भाड्याच्या घरामागे दलदल आहे आणि तिच्यावरून पायवाट हवी होती. घरमालक म्हणाले, बांधा, खर्च तुमचा. लाकूड कोणतं घ्यायचं हा प्रश्नच नव्हता. इथे महाकाम नदीकाठची जुनी घरं उलिनच्या खांबांवर उभी आहेत. वर्षानुवर्षं चिखलात राहूनही ते खांब कुजत नाहीत आणि वाळवीही त्यांना शिवत नाही. लोक या लाकडाला 'कायू बेसी' म्हणजे लोखंडी लाकूड म्हणतात. झाड मात्र दालचिनी-तमालपत्राच्या कुळातलं. शास्त्रीय नाव युसिडेरोझायलॉन झ्वागेरी, आणि त्यातल्या पहिल्या शब्दाचा ग्रीक अर्थही 'खरं लोखंडी लाकूड' असाच होतो. वाढ इतकी सावकाश की आज लावलेलं रोप कापण्याजोगं झालेलं लावणाऱ्याला दिसत नाही. म्हणून ते महाग, आणि म्हणूनच त्यात खोट.

ओळखीतून एक विक्रेता आला. जुनं घर पाडलंय, त्याच्या फळ्या आहेत म्हणाला. चाळीस फळ्या, एक कोटी वीस लाख रुपिया (इंडोनेशियाचं चलन), निम्मे आगाऊ. लाकूड काळंभोर दिसत होतं, आणि खरं उलिन जुनं झालं की काळपट पडतं हे मला माहीत होतं. तुकडा बादलीत टाकला, तो दगडासारखा तळाशी गेला. माझी खात्री पटली.

इथेच मी चुकलो. उलिन वाळलं तरी बहुधा बुडतं, कारण त्याची घनताच पाण्याच्या जवळपास किंवा त्याहून जास्त असते. पण पाणी प्यायलेलं कुठलंही भारी लाकूड बुडतंच. तो तुकडा हातात घेतला तेव्हा गार लागला होता. नदीत भिजत ठेवलेला असावा, हे नंतर सुचलं. घर पाडून काढलेलं लाकूड ओलं का असेल, एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं.

कागद मागितला होता. इंडोनेशियात लाकूड कायदेशीर वाहून न्यायला एसकेएसएचएचके नावाचा दाखला लागतो. 'जुन्या घराच्या लाकडाला कसला दाखला, तरी देतो उद्या,' असं तो म्हणाला. तो उद्या कधी आलाच नाही. २०१३ च्या १८ क्रमांकाच्या कायद्याने चोरीचं लाकूड विकत घेणाराही अडकतो. समजा माल खरा उलिन असता आणि जंगलातून चोरून तोडलेला असता, तर? ज्या झाडाला निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघाने १९९८ मध्येच असुरक्षित ठरवलं, ते माझ्या पायवाटेसाठी पडलं असतं. पैशांपेक्षा हीच गोष्ट मला जास्त टोचते.

फळ्या ठोकल्या त्या दिवशी खूण डोळ्यांसमोर होती. बहुतेक फळ्यांत खिळे सरळ आत जात होते. उलिनला आधी भोक पाडावं लागतं, नाहीतर खिळा वाकतो, हे मी ऐकलेलं होतं. काम भराभर होतंय म्हणून मी खूश होतो!

दोन महिन्यांनी ऊन कडक पडलं आणि फळ्यांच्या टोकांतून चिकट डिंकासारखं काही पाझरू लागलं. वर्ष सरता सरता सांध्यांजवळ लाकूड मऊ पडलं, बुरशी धरली आणि एक दिवस मुलीचा पाय आरपार गेला. नशिबाने खरचटण्यावर निभावलं.

मग एका वयस्क सुताराला बोलावलं. त्यांनी चाकूने काळा थर खरवडला. तो रंग नव्हता, जुन्या इंजिन तेलाचा हात होता. आत तांबूस, ढोबळ रेघांचं लाकूड. 'पाक (म्हणजे साहेब), हे उलिन नाही, क्रुइंग आहे,' ते म्हणाले. क्रुइंग हे दुसऱ्याच झाडाचं लाकूड; त्यातून राळ पाझरते, आणि ओल्या जमिनीत उपचाराशिवाय ते टिकत नाही. खरं उलिन ताजं कापलं की पिवळसर तपकिरी दिसतं आणि लिंबासारखा हलका वास येतो, हेही त्यांनीच सांगितलं. एक एक फळी उलटून पाहिली तेव्हा सहा खऱ्या निघाल्या. त्या सहाच गठ्ठ्याच्या वरच्या बाजूला होत्या, मी हात लावून पाहिलेल्या.

तुम्ही घेणार असाल तर गठ्ठा पूर्ण उतरवून घ्या. मधली कुठलीही एक फळी तुमच्यासमोर कापायला सांगा, कापलेला भाग बघा, वास घ्या, खिळा ठोकून पाहा. दाखल्यावर लाकडाची जात आणि माप लिहिलेलं असतं, ते मालाशी जुळवा आणि जुळेपर्यंत पैसे देऊ नका. 'जुन्या घराचं' म्हटलं तर ते घर कुठे होतं ते विचारा, जमलं तर जागेवर जाऊन या.

विक्रेत्याचा फोन बंद आहे. चौतीस फळ्या काढून टाकल्या. त्या सहांची दारापुढे पायरी केली आहे. सुताराने त्यांना भोकं पाडली तेव्हा ड्रिलचं एक पातं मोडलं.