ब्रुसेल्सच्या दारात नगरपालिका: ‘हॅव युअर से’ पोर्टलची पारख

ब्रुसेल्समध्ये बसून युरोपीय संघाच्या कायद्यांचे प्रस्ताव मांडणाऱ्या युरोपीय कमिशनचं ‘हॅव युअर से’ पोर्टल म्हणजे आपल्याकडच्या ‘हरकती व सूचना’ची ऑनलाइन खिडकी, फक्त इथला कायदा २७ देशांना लागू होतो. नगरपालिका आणि प्रांतिक सरकारांसाठी सेवा उत्तम आहे, पण वेळ गाठली तरच.

सुरुवातीच्या ‘कॉल फॉर एव्हिडन्स’ला, म्हणजे मसुद्याआधी मतं आणि पुरावे मागवण्याला, ४ आठवडे मिळतात; सोबत प्रश्नावली असेल तर १२. प्रस्ताव जाहीर झाल्यावर पुन्हा ८ आठवडे. गफलत इथेच होते. तोवर कमिशनने आपला मसुदा बांधलेला असतो आणि पुढचे बदल युरोपीय संसद व सदस्य देशांच्या मंत्रिपरिषदेच्या हाती गेलेले असतात. म्हणून खरा जोर पहिल्या टप्प्यावर लावावा.

ईयू लॉगिन खातं उघडा, ‘पब्लिक अथॉरिटी’ निवडा, मग ‘लोकल’ किंवा ‘रिजनल’. घाईत ‘नागरिक’ निवडलं, तर शहराचं म्हणणं एका माणसाचं मत म्हणून नोंदलं जातं. मजकुराला मर्यादा ४,००० अक्षरांची. लांब अहवाल फाइल म्हणून जोडता येतो. २४ अधिकृत भाषांपैकी कुठलीही चालते, ही मोठीच सोय.

त्या ४,००० अक्षरांतली एकही ‘आमचा पाठिंबा आहे’वर खर्चू नये. सांडपाण्याचंच घ्या. १९९१च्या युरोपीय निर्देशात (सदस्य देशांना पाळावा लागणारा कायदा) मलनिस्सारण वाहिन्यांची सक्ती २,००० लोकसंख्या-समतुल्यापासून होती; हे सांडपाण्याचा भार मोजायचं एकक, साधारण एका माणसामागचा भार. २०२४च्या सुधारित निर्देशाने ती १,०००वर आणली, मुदत २०३५. अशा प्रस्तावावर छोट्या गावाने कलमाचा क्रमांक द्यावा, किती मीटर वाहिनी टाकावी लागेल आणि घरटी खर्च किती ते मांडावं, आणि हवी ती शब्दरचना स्वतःच लिहून द्यावी. नुसतं ‘परवडत नाही’ म्हटल्याने मसुद्यातला आकडा हलत नाही.

मोठी उणीव म्हणजे वजन. लाखभर वस्तीच्या शहराचा अभिप्राय आणि एकट्या नागरिकाचा, दोन्ही एकाच यादीत दिसतात. हे फार खटकतं. म्हणून तेच टिपण आपल्या भागातून प्रादेशिक समितीवर, म्हणजे स्थानिक व प्रांतिक प्रतिनिधींच्या युरोपीय सल्लागार मंडळावर, असलेल्या सदस्यालाही पाठवावं. १९९४पासून काम करणाऱ्या या ३२९ सदस्यांच्या समितीचं मत बंधनकारक नसतं. पण जिथे तिचा सल्ला घेणं सक्तीचं आहे, तिथे निर्णय खालच्या पातळीवर घेता येण्याजोगा असूनही ब्रुसेल्सने ओढून घेतला, या मुद्द्यावर तिला थेट युरोपीय न्यायालयात जाता येतं. युरोपीय संघाच्या लिस्बन कराराने २००९पासून दिलेला हा अधिकार आहे.

२०१६मध्ये बेल्जियमच्या वालोनिया प्रांताने युरोपीय संघाचा कॅनडाशी होणारा व्यापार करार अडवून धरला, तो त्या देशाच्या राज्यघटनेच्या बळावर. ती ताकद या खिडकीत नाही. विषयवार ई-मेल सूचना मात्र आजच चालू करा. ठराव सभेपुढे आणून मंजूर करून घ्यायचा, तर ४ आठवडे कमीच पडतात.