चरित्रविषयक शालेय प्रकल्पांसाठी नोबेल पुरस्काराचे संकेतस्थळ : एक परीक्षण

एखाद्या थोर व्यक्तीच्या चरित्रावर प्रकल्प करायला सांगितला, की बहुतेक विद्यार्थी शोधयंत्रात नाव टाकतात, समोर आलेल्या पहिल्या दोन-तीन पानांवरचा मजकूर एकत्र करतात आणि जन्म, शिक्षण, कार्य, पुरस्कार, मृत्यू अशा ठरलेल्या क्रमाने तो वहीत उतरवून मोकळे होतात. माहिती मिळते, पण ती कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे लिहिली हा प्रश्न त्यांना पडत नाही. तो प्रश्न पडावा यासाठी नोबेल पुरस्काराच्या अधिकृत संकेतस्थळाचा, म्हणजे नोबेलप्राइझ डॉट ऑर्गचा, कितपत उपयोग होतो, एवढ्याच अंगाने मी हे परीक्षण करत आहे.

1901 पासूनच्या सर्व विजेत्यांची पाने येथे विनामूल्य वाचता येतात आणि वर्षानुसार किंवा विषयानुसार सहज सापडतात. एका विजेत्याच्या नावाखाली सहसा अनेक पाने असतात: ठळक माहिती, चरित्र, पुरस्कार प्रदान करताना झालेले भाषण, स्वतः विजेत्याचे व्याख्यान, आणि अलीकडच्या विजेत्यांच्या बाबतीत बातमी कळताच दूरध्वनीवर घेतलेली मुलाखतही. ठळक माहितीचे पान छोटे असले तरी काळजीपूर्वक केलेले आहे. मेरी क्युरी यांचे जन्मस्थान तेथे ‘वॉर्सा, रशियन साम्राज्य (आता पोलंड)’ असे दिले आहे, आणि 1903 च्या भौतिकशास्त्राच्या पुरस्कारात त्यांचा वाटा एक चतुर्थांश होता, तेवढाच त्यांचे पती पिएर यांचा आणि अर्धा वाटा आंरी बेकरेल यांचा होता, हेही तेथेच कळते. ‘पती-पत्नींना नोबेल मिळाले’ एवढ्यावर थांबणाऱ्या मुलांना हा अपूर्णांक बरेच काही विचारायला लावतो.

या संकेतस्थळाचे खरे बळ मात्र एकाच घटनेविषयीची वेगवेगळी कागदपत्रे शेजारी शेजारी ठेवण्यात आहे, आणि त्यासाठी आइन्स्टाइन यांच्या पानाइतके चांगले उदाहरण मला दुसरे दिसत नाही. सापेक्षतेच्या सिद्धांतासाठी त्यांना नोबेल मिळाले, असे कितीतरी प्रकल्पांत छातीठोकपणे लिहिलेले असते. येथे पुरस्काराचे अधिकृत कारण वाचले, तर सैद्धांतिक भौतिकशास्त्राची सेवा आणि विशेषतः प्रकाशविद्युत परिणामाचा (प्रकाश पडल्यावर धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडण्याचा) नियम एवढेच शब्द आढळतात. 1921 चा हा पुरस्कार 1922 मध्ये जाहीर झाला. त्या वर्षीच्या डिसेंबरमधील समारंभातले भाषण उघडले, तर सापेक्षता हा मुख्यतः ज्ञानमीमांसेचा, म्हणजे ज्ञानाच्या स्वरूपाचा विचार करणाऱ्या तत्त्वज्ञानाच्या शाखेचा, विषय आहे आणि तत्त्वज्ञ बर्गसाँ यांनी त्या सिद्धांताला आव्हान दिले आहे, असे सांगून वक्ते पुढे सरकतात. त्यानंतर खुद्द आइन्स्टाइन यांचे व्याख्यान उघडावे. ते जुलै 1923 मध्ये गोटेनबर्ग येथे झाले आणि त्याचा विषय होता सापेक्षता! ही तीन पाने वाचणाऱ्या नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला पुरस्कार देणाऱ्यांची दृष्टी आणि घेणाऱ्याची दृष्टी यांतले अंतर कोणी वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

चरित्राच्या पानांबद्दल मात्र मी इतक्या उत्साहाने बोलणार नाही. नव्या विजेत्यांची बरीचशी चरित्रे त्यांनी स्वतः लिहिलेली, दीर्घ आणि वाचनीय असतात. बालपण, शिक्षक, फसलेले प्रयोग असे सारे त्यांत येते. जुनी चरित्रे त्रोटक आहेत, आणि त्यांपैकी अनेकांच्या तळाशी ‘हे आत्मचरित्र किंवा चरित्र पुरस्काराच्या वेळी लिहिले गेले’ अशा अर्थाची टीप असते. लेखक खुद्द विजेता की दुसराच कोणी, हे त्या टिपेवरून ठरवता येत नाही, आणि ज्या संस्थेकडे मूळ कागद आहेत तिने असे मोघम राहावे हे मला खटकते. आणखी गंभीर बाब म्हणजे काही चरित्रांतले तोलमाप. अमोनियाच्या संश्लेषणासाठी 1918 चा रसायनशास्त्राचा पुरस्कार मिळालेल्या फ्रिट्झ हाबर यांनी पहिल्या महायुद्धात विषारी वायूंच्या हल्ल्यांचे संघटन केले; त्यांच्या चरित्रात त्याचा उल्लेख आहे, पण तो इतका ओझरता, की घाईने वाचणाऱ्या विद्यार्थ्याच्या नजरेतून सहज सुटावा. गौरव करणारी संस्था गौरवमूर्तीविषयी लिहिते तेव्हा काय थोडक्यात आटोपले जाते, हे शिक्षकांनी याच पानावरून दाखवावे. आणि असे चरित्र प्रकल्पाचा एकमेव आधार म्हणून मुळीच स्वीकारू नये.

या उणिवेची भरपाई करणारा, पण मुलांपर्यंत क्वचितच पोहोचणारा विभाग म्हणजे नामांकनांचा संग्रह. नामांकने 50 वर्षे गोपनीय ठेवली जातात आणि त्यानंतर ती येथे शोधता येतात. अणुकेंद्राच्या विखंडनाच्या शोधात ओटो हान यांच्या सहकारी असलेल्या भौतिकशास्त्रज्ञ लिझे माइटनर यांचे नाव टाकले, तर चाळीसहून अधिक नामांकने समोर येतात आणि नामांकन करणाऱ्यांत मॅक्स प्लांक व नील्स बोर यांच्यासारखी नावे दिसतात. तरी जड अणुकेंद्रांच्या विखंडनाच्या, म्हणजे ती फुटण्याच्या, शोधासाठी 1944 चा रसायनशास्त्राचा पुरस्कार एकट्या हान यांना मिळाला. महात्मा गांधी यांची 1937, 1938, 1939, 1947 आणि 1948 या वर्षांची नामांकनेही याच संग्रहात आहेत, आणि त्यांना पुरस्कार का मिळाला नाही याची चर्चा करणारा स्वतंत्र लेख संकेतस्थळाने स्वतःच प्रसिद्ध केला आहे. हाबर यांच्या पानावर दिसणारा संकोच या लेखात नाही.

अडचणी उघड आहेत. जवळजवळ सारा मजकूर इंग्रजीत आहे आणि विज्ञानातील व्याख्याने तज्ज्ञांसमोर दिलेली असल्याने शाळकरी मुलांच्या आवाक्याबाहेर जातात. त्यांना पहिली दोन-तीन परिच्छेदे आणि शेवटचा भाग एवढेच वाचायला द्यावे. शाळांसाठी तयार केलेले पाठ आहेत, तेही उपयोगी पडतात. प्रत्येक पानाखाली त्या पानाचा संदर्भ कसा द्यावा याचा तयार नमुना असतो, त्यात पान पाहिल्याची तारीखही येते, आणि ही सवय लहान वयात लागलेली बरी.

नोबेलमध्ये गणिताचा पुरस्कार नसल्याने रामानुजन किंवा एमी नोदर यांच्यावर प्रकल्प करणाऱ्याने येथे वेळ घालवू नये. त्याच्यासाठी स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठाचा मॅकट्यूटर हा गणितेतिहासाचा संग्रह अधिक योग्य आहे. तेथे चरित्राच्या शेवटी आधारग्रंथांची यादी असते आणि मजकूर कोणी लिहिला हेही दिलेले असते.