सात महिने आडवे हात: क्रॉस-आर्म गार्डचा माझा अनुभव

आधीच सांगून टाकतो. माझं वय 42, नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत शिफ्टची नोकरी, आणि मॅच वगैरे खेळायचा काही विचार नाही. दीड वर्षापूर्वी पोट कमी करायला म्हणून बॉक्सिंग लावलं. पहिले दहा-अकरा महिने सगळे करतात तोच साधा गार्ड (म्हणजे मार अडवायला हात धरायची पद्धत) केला, दोन्ही मुठी गालाला लावून. दुसऱ्या राउंडच्या मध्यावर खांदे भरून यायचे, हात नकळत खाली यायचे आणि लगेच नाकावर प्रसाद. सर माझ्याहून लहान आहेत, पण ओरडताना वय बघत नाहीत. "अहो, हात वर! हात वर!"

मग एका रात्री अमेरिकन हेवीवेट बॉक्सर जॉर्ज फोरमनच्या उतारवयातल्या लढती बघत बसलो. 1974 मध्ये किन्शासात मुहम्मद अलीकडून हरला, 1977 मध्ये खेळ सोडला, दहा वर्षांनी परत आला आणि 5 नोव्हेंबर 1994 ला, वयाच्या 45 व्या वर्षी, मायकेल मूररला दहाव्या राउंडमध्ये झोपवून पुन्हा हेवीवेट चॅम्पियन झाला. चड्डी किन्शासातलीच, वीस वर्षांपूर्वीची. (मला लग्नातली पँट मांडीच्या वर चढत नाही.) या दुसऱ्या डावात तो हात आडवे, एकावर एक धरून उभा राहायचा. त्याच्या आधी आर्ची मूर असाच लढायचा आणि चाळिशी उलटल्यावरही लाइट हेवीवेटचा चॅम्पियन होता. 1974 ला फोरमनच्या कोपऱ्यात, म्हणजे त्याला सांभाळणाऱ्या प्रशिक्षकांत, हाच मूर होता. केन नॉर्टनही याच पठडीतला, 1973 मध्ये अलीचा जबडा मोडणारा. म्हटलं, आपल्या वयाचं काहीतरी सापडलं.

रचना अशी: डावा पाय पुढे. डावा हात पोटावर आडवा, त्याचा ग्लोव्ह उजव्या बरगडीपाशी. उजवा हात त्याच्या वर, हनुवटीसमोर आडवा, ग्लोव्ह डाव्या खांद्यापाशी. हनुवटी खाली, नजर हाताच्या वरून. म्हणजे दाराला दोन अडसर. सरळ पंच आला की वरचा अडसर बोटभर उचलायचा, पंच त्यावरून घसरून डोक्यावरून जातो. अपरकट, म्हणजे खालून वर येणारा पंच, तर खालीच अडकतो. हात हवेत टांगून ठेवायचे नसल्याने खांद्यांना खरंच आराम मिळतो. तिसऱ्या राउंडला उभा राहायला लागलो, हे मी स्वप्नातही धरलं नव्हतं.

डिसेंबरात पहाटे गोल्फ क्लबच्या मैदानावर शॅडो, म्हणजे समोर कोणी नसताना हवेत सराव, करायचो. आपल्याकडची डिसेंबरची थंडी, त्यात मी छातीवर हात आवळून डुलतोय. फिरायला येणारे एक आजोबा दोन दिवस बघत होते. तिसऱ्या दिवशी जवळ येऊन म्हणाले, "अरे बाळा, स्वेटर घालून येत जा."

आता त्रास. पहिले दोन महिने दोन्ही हात कोपरापासून मनगटापर्यंत निळे. समोरच्याचा ग्लोव्ह 16 औंसाचा असला तरी मार हाडावरच बसतो. बायकोने डबा हातात देताना ते बघितलं आणि दोन दिवस बोलली नाही. नंतर कातडी राठ होते की आपण फटका अंगावर घेण्याऐवजी वळवायला शिकतो, कोण जाणे, पण डाग कमी झाले.

खरी खोट दुसरीच आहे. उजवा ग्लोव्ह डावीकडे गेला की उजवा कान उघडा पडतो. आमच्याकडे पंचवटीचा एकोणीस वर्षांचा एक पोरगा आहे, त्याला हे तीन दिवसांत कळलं. त्याचा डावा हुक (बाजूने वळवून मारलेला पंच) असा बसला की संध्याकाळपर्यंत कानात मशीन चालू. वर त्याची विचारपूस, "काका, जास्त लागलं का?" उजवीकडे झुकताना खांदा उचलून कान झाकायचा असतो, आणि ते अंगवळणी पडायला मला चार महिने लागले.

शिवाय जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ पंच, मेला म्हणून समजा. आडवा हात सोडवून सरळ मारेपर्यंत समोरचा जाऊन चहा पिऊन येईल. मी या गार्डमध्ये बसूनच राहायचो, मार चुकवायचो आणि त्यातच खूश असायचो. पॉइंट मात्र समोरच्याचे. सरांनी शेवटी वैतागून सांगितलं, "तुम्ही दार लावून घरात बसताय, बाहेर कधी येणार?" तिथून सवय बदलली. लांबून साधाच गार्ड आणि जॅब. समोरचा अंगावर आला की दार बंद. पंच घसरला की कमरेतून उजवीकडे वळायचं आणि वळण सुटतानाच डावा हुक. हात उघडतो तो कमरेच्या जोरावर, खांद्याच्या नाही. हे मला कुठल्याच व्हिडिओत नीट दिसलं नव्हतं, आरशासमोर उभं राहूनच कळलं. आणि कोपर नुसतं झाकायला. त्याने ढकललं की फाउल.

नव्याने लावणाऱ्याने, आणि मॅच खेळायच्या असतील त्याने तर नक्कीच, आधी साधा गार्ड पक्का करावा. माझ्यासारखा जड, हळू, चाळिशीतला माणूस असेल तर जरूर करून बघा, पण अंगावर निळे डाग दिसतील हे घरी आधी सांगून ठेवा.

पुढच्या आठवड्यात एक डावखुरा पोरगा येतोय. त्याच्यासमोर अजून एकदाही उभा राहिलेलो नाही. फोरमनने झोपवलेला मूरर डावखुराच होता, एवढाच काय तो धीर.