वेगळं ताट की एकच स्वयंपाक? आठवडाभराच्या रात्रीच्या जेवणाचा हिशेब

घरात वजन कमी करायचं असतं एकाला, आणि रात्री जेवायला बसतात पाच जण. आमच्याकडे ती एक म्हणजे मी. दीड महिना माझं ताट वेगळं करून पाहिलं, त्यानंतर सगळ्यांना एकच स्वयंपाक आणि फरक फक्त वाढण्यात, असं सुरू केलं. कुठलं निवडावं या विचारात असाल, तर दोन्हींचा अनुभव असा.

वेगळ्या ताटाची जमेची बाजू म्हणजे मोजमाप सोपं. दुधीचं सूप, वाफवलेल्या भाज्या, एक फुलका. किती खाल्लं ते कळतं. डॉक्टरांनी ठराविक पथ्य दिलं असेल तर दुसरा इलाजच नाही. पण ओट्यावर रोज दोन स्वयंपाक उभे राहतात. बाकीचे वांग्याचं भरीत ओरपत असताना आपण सूप फुंकत बसायचं. त्यात सूप पोटाला धरत नाही, कारण त्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच. साडेदहाला सगळे झोपले की चिवड्याच्या डब्याचं झाकण हळूच उघडायचं. स्टीलच्या डब्याचं झाकण कितीही हळू उघडलं तरी वाजतं, हे सासूबाईंनी मला दोनदा ऐकवलं.

एकच स्वयंपाक करायचा तर आधी तेलाकडे बघावं लागतं. फोडणीला आम्ही ‘एक पळी’ तेल घालायचो. एकदा ती पळी चहाच्या चमच्याने मोजली, तर सहा चमचे भरले. एका चमच्यात साधारण ४५ कॅलरी, म्हणजे पावणेतीनशे कॅलरी नुसत्या फोडणीत. चौघांच्या घरात महिन्याला ५ लिटरचा डबा संपत असेल, तर माणशी रोज ३८ ग्रॅम तेल पोटात जातं, म्हणजे सुमारे ३४० कॅलरी. तोच डबा ३ लिटरवर आणला की ते २३ ग्रॅमच्या आसपास येतं. भाजी चवीला उतरत नाही. झाकण ठेवून, झाकणावर पाणी ठेवून शिजवायची.

वाढत्या वयाची मुलं आणि अंगाने उतरलेले म्हातारे यांना मात्र कमी तेलाचं जेवण पुरत नाही. म्हणून आमचा नियम: पातेल्यात कमी, ताटात जास्त. मुलांच्या वरणावर तूप, सासऱ्यांच्या भाकरीवर लोणी वरून पडतं. शिजलेल्या भाजीतून तेल काढता येत नाही, वरून घालता मात्र येतं.

दुसरा फरक वाढण्याच्या क्रमाचा. आपल्या पंगतीत सुरुवात वरणभाताने होते. मी माझ्यापुरतं उलटं केलं: आधी कोशिंबीर आणि उसळ, मग भाकरी, भात शेवटी, तोही वाटीने. मध्यम वाटीभर भात म्हणजे पावणेदोनशे-एक कॅलरी. आधी उसळ पोटात गेली की दुसरी वाटी आपोआप राहते.

भाकरीत पोळीपेक्षा कमी कॅलरी असतात, हा एक गैरसमज. ज्वारी आणि गहू, दोन्ही पिठांत १०० ग्रॅमला ३४०च्या आसपासच कॅलरी. भाकरीला तेल लागत नाही ही तिची खरी बाजू. पण ७० ग्रॅम पिठाची जाड भाकरी दोन पातळ फुलक्यांपेक्षा भारी पडते. ‘भाकरी आहे ना’ म्हणून दोन खाल्ल्या तर वजनकाटा काही भीड धरत नाही.

प्रत्यक्ष आठवड्यात दोन्ही पद्धती कशा वागतात? सोमवारी मटकीची उसळ-भाकरी, मंगळवारी मूगडाळ घातलेली दुधी, बुधवारी अंड्याचा रस्सा किंवा बांगड्याचं कालवण, शुक्रवारी पिठलं. या दिवशी वेगळं ताट करणं म्हणजे नुसती हौस. गुरुवारची खिचडी जरा फसवी, चावावी लागत नाही म्हणून भराभर जाते. तिच्यात तांदळाइतकीच डाळ आणि मूठभर भाज्या घाला, सोबत कढी. तळलेला पापड ज्याला हवा त्याने घ्यावा, माझा भाजलेला. शनिवारी थालीपीठ, भरपूर कांदा-कोथिंबीर घालून, दह्याबरोबर. रविवारी मुलांची पावभाजी, आणि इथे एकच स्वयंपाक सरळ जिंकतो. बटर प्रत्येकाच्या ताटात वेगळं पडतं. मला एक पाव आणि दुप्पट भाजी, फक्त भाजीत बटाटा कमी, फ्लॉवर-मटार जास्त.

हरतो तो उपवासाला. संकष्टीला चंद्रोदय कधी नऊला, कधी त्याच्याही पुढे. तोवर भूक खवळलेली असते आणि समोर साबुदाण्याची खिचडी असते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, १०० ग्रॅमला साडेतीनशे कॅलरी, वर दाण्याचं कूट आणि तूप. त्या दिवशी मी सरळ वेगळी होते: थोडी भगर, काकडी, ताक. सासूबाईंना ते पटत नाही, पण चालतं.

तिसरा मार्ग म्हणजे रात्री जेवायचंच नाही. कुटुंबाचं एकत्र बसणं रात्रीच होत असेल, तर मला तो महाग वाटतो. आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर रात्रीचं जेवण आपल्या मनाने कमी करू नका, साखर एकदम उतरू शकते.

तर माझं मत एकच स्वयंपाकाला, उपवासाचे दिवस सोडून. वेगळं ताट पहिले दोन-तीन आठवडे, मापाचा अंदाज बसेपर्यंत. फक्त सोमवारी मटकी हवी असेल तर शनिवारी रात्रीच भिजत घाला, रविवारी मोड काढायला फडक्यात बांधा. रविवारी रात्री आठवलं, तर सोमवारी पिठलं.