पूर्वभागातलं एक सेवा केंद्र : ‘सिस्टिमने काढलं’ म्हणणाऱ्यांना लेखी कारण विचारणारं

सोलापूरच्या पूर्वभागात अक्कलकोट रोडच्या बाजूला, विडी कामगारांच्या वस्तीत हे छोटं केंद्र आहे. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, रेशनकार्डाचं ई-केवायसी ही कामं सोलापुरात गल्लोगल्ली होतात, तशी इथेही होतात. दरपत्रक भिंतीवर आहे, पावती मिळते. एवढ्यासाठी मी लिहायला बसले नसते. लिहितेय ते दुसऱ्याच कारणासाठी. अर्ज नाकारला गेला किंवा यादीतून नाव उडालं, तर केंद्र चालवणारे दादा माणसाला हात हलवत परत पाठवत नाहीत. ते नाकारण्याचं कारण लेखी मागवून घेतात.

आमच्या शेजारच्या अक्का सत्तरीच्या आहेत. सगळं आयुष्य सुपात पान-तंबाखू घेऊन विड्या वळण्यात गेलं. त्यांचं महिन्याचं अनुदान अचानक थांबलं. कार्यालयात विचारलं तर, “सिस्टिमनेच काढलंय, आमच्या हातात काही नाही.” स्क्रीनवर एवढंच होतं : दुहेरी लाभार्थी. मी त्यांना इथे घेऊन आले. दादांनी पहिला प्रश्न विचारला, “अक्का, नाव काढल्याचा कागद दिला का तुम्हाला? काढायच्या आधी काही विचारलं होतं?” दोन्हीचं उत्तर नाही असंच होतं.

मग त्यांनी दोन अर्ज लिहिले. एक म्हणणं ऐकून घ्यावं यासाठी आणि दुसरा माहिती अधिकाराचा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. दुसऱ्या अर्जातले प्रश्न मला फार आवडले. कोणत्या दोन नोंदी एकमेकींशी जुळवल्या? नाव, पत्ता, जन्मतारीख यांपैकी नेमकं काय जुळलं? किती जुळलं की एकच माणूस धरायचं, हे कोणत्या आदेशाने ठरलं? आणि नाव काढण्याच्या निर्णयावर सही कोणाची?

उत्तर आलं तेव्हा उलगडा झाला. नाव, आडनाव आणि जन्मतारीख जुळली होती. पत्ता कुणी पाहिलाच नव्हता. पूर्वभागात एकाच आडनावाची घरं ओळीने आहेत, बायकांची नावंही तीच तीच. आणि ज्या पिढीला आपली जन्मतारीखच ठाऊक नाही, तिच्यातल्या कितीतरी जणींच्या कागदावर १ जानेवारी लागलेली. चार गल्ल्या पलीकडे याच नावाची दुसरी बाई राहते. सुनावणीला दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, नोंद वेगळी झाली, अनुदान सुरू झालं. मधल्या महिन्यांची थकबाकी मात्र अजून आलेली नाही.

मी एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात हिशेब लिहिते. वहीतली एक नोंद खोडायची तर मला व्हाउचर आणि मालकाची सही लागते. म्हातारीचं अनुदान खोडायला मात्र काहीच लागलं नाही, याचा मला संताप आला. म्हणून मी दादांना खोदून खोदून विचारलं, घरी येऊन वाचलंही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(घ) नुसार प्रशासकीय निर्णयाची कारणं बाधित माणसाला द्यावीच लागतात. राज्याच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमातही, अधिसूचित (म्हणजे त्या कायद्याखाली सरकारने जाहीर केलेली) सेवा नाकारायची तर कारण लेखी द्यायचं असतं आणि त्यावर ३० दिवसांत अपील करता येतं. सर्वोच्च न्यायालयातल्या १९७८ च्या मनेका गांधी खटल्यापासून बाजू मांडण्याची संधी हा न्याय्य कार्यपद्धतीचा गाभा मानला जातो. त्याच न्यायालयाच्या डिसेंबर १९७७ च्या मोहिंदरसिंग गिल निकालाने सांगितलं की आदेश टिकतो की नाही हे आदेशात लिहिलेल्या कारणांवरूनच पाहायचं, नंतर कोर्टात नवी कारणं जोडून चालत नाही. अल्गोरिदमसाठी, म्हणजे संगणक ज्या ठरावीक नियमांनी आपोआप निर्णय काढतो त्यासाठी, आपल्याकडे अजून खास कायदा नाही, पण हा जुना कायदा संगणकालाही लागू पडतो. निर्णयाचा अधिकार कायद्याने अधिकाऱ्याला दिलाय. यंत्राने काढलेली यादी हा त्याच्यापुढचा एक कागद. तो तपासून डोकं त्यालाच चालवायचंय.

हे प्रश्न आपल्याला दूरचे नाहीत. इथल्या अर्ध्या घरांचे नातेवाईक तेलंगणात आहेत. तिथे सरकारी नोंदी जुळवणाऱ्या ‘समग्र वेदिका’ प्रणालीचा वापर झाला, लाखो रेशनकार्डं रद्द झाली आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला रद्द कार्डांची प्रत्यक्ष पडताळणी करा असं सांगावं लागलं. ऑस्ट्रेलियात वर्षाच्या कमाईची सरासरी काढून गरिबांवर खोटी देणी लादणारी ‘रोबोडेट’ योजना चालली. २०२३ मध्ये तिथल्या रॉयल कमिशनने, म्हणजे सरकारी चौकशी आयोगाने, तिच्यावर कडक ताशेरे ओढले. दोन्हीकडे त्रास त्यांनाच झाला, ज्यांना वकील परवडत नाही.

आता केंद्राच्या उणिवा. आत उभं राहायला जागा नाही, म्हाताऱ्यांना बसायला एकच बाक. त्याहून मोठी तक्रार अशी की, लोकांच्या आधारच्या झेरॉक्स टेबलावर उघड्या पडलेल्या असतात आणि स्कॅन केलेले कागद कामानंतरही संगणकावर तसेच राहतात. सरकारकडे हिशेब मागणाऱ्याने आपल्याकडची माहितीही जपली पाहिजे. मी दादांना हे तोंडावर सांगितलंय. त्यांनी कपाट आणतो म्हटलं, अजून आलेलं नाही. दादा नसताना मदतनीस मुलगा फक्त फॉर्म भरतो, अपिलाचं त्याला जमत नाही.

तरीही पाचपैकी चार तारे, बिनदिक्कत. जाणार असाल तर संध्याकाळी जा, तेव्हा दादा असतात. नाव उडाल्याच्या स्क्रीनची प्रिंट आणि पासबुकाचं शेवटची रक्कम जमा झाल्याचं पान सोबत न्या. अर्जाची शिक्क्यासह पोच मागून घ्या. माहिती अधिकाराचं उत्तर ३० दिवसांत आलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करायचं असतं. तारीख पोचेवरच पेनाने लिहून ठेवा.