कलमी सोनचाफा म्हणून घेतला आणि सव्वा वर्षाने कळलं की ते कलम नव्हतंच

जरा सविस्तर लिहितेय कारण दिवाळी झाली की रोपांचे टेम्पो सोसायट्यांच्या गेटवर उभे राहायला लागतात, आणि आमच्याबरोबर झालं तेच परत कोणाबरोबर तरी होणार.

आम्ही पुण्यात सिंहगड रोडला राहतो, टेरेस लहानच आहे पण सकाळचं चार-पाच तास छान ऊन येतं. सासूबाईंचं माहेर कुडाळजवळ, तिथे विहिरीशेजारी सोनचाफा होता, तर देवाला घरचं एक चाफ्याचं फूल मिळावं ही त्यांची कितीतरी वर्षांची इच्छा. कुंडीत लावायचा तर कलमच हवं हे मला माहीत होतं, बियांच्या रोपाला फूल यायला सात-आठ वर्षं सहज जातात आणि ते झाड नुसतं उंच जात राहतं, कलमाला मात्र वर्ष-दीड वर्षात कुंडीतच फुलं धरतात.

2023 च्या दिवाळीनंतर एका रविवारी टेम्पो आला, सगळी रोपं फुलांनी भरलेली. मी विचारलं वेलणकर चाफा (सोनचाफ्याची नावाजलेली कलमी जात) आहे का, तो लगेच म्हणाला हो ताई वेलणकरच आहे. सासूबाई कुडाळबद्दल काहीतरी बोलल्या तर म्हणे आजी आपला मालच कुडाळवरून येतो. त्याने काही सांगितलंच नव्हतं, नावं आम्हीच पुरवत होतो आणि तो हो म्हणत होता, हे आता आठवलं की फार राग येतो. रोपाच्या बुंध्याला प्लास्टिकची पट्टी गुंडाळलेली, कलमाला असते तशीच, आणि वर दोन फुलं. चाफा 450, दोन गुलाब 150 प्रमाणे 300, मोगरा 120, जास्वंद 100 आणि वर 'स्पेशल खत' म्हणून एक पिशवी 200 ला, 1170 चे त्याने 1100 केले. स्कॅनर चालत नाहीये म्हणाला म्हणून कॅश दिली, बिल वगैरे काही नाही, मोबाईल नंबर दिला तो नंतर कायम बंद.

एक गुलाब पंधरा दिवस एकदम टवटवीत होता, एक कळी उमलली पण, म्हणून वाटलं झाड लागलं. मग दोन-तीन दिवसांत पानं गळाली, काडी काळी पडली. मला वाटलं माझंच पाणी जास्त झालं. उपटून बघितलं तर मूळ नावाला नाही, खाली चाकूने तिरका छाटलेला काप तसाच ताजा. फुललेली फांदी तोडून लाल मातीच्या गोळ्यात खोचलेली होती! थंडीच्या दिवसांत अशी फांदी तिच्यातल्या साठलेल्या अन्नपाण्यावर बरेच दिवस हिरवी राहते, तयार कळी उमलते सुद्धा, त्यामुळे कळी उमलली म्हणजे रोप रुजलं असं धरून चालू नका. जास्वंदीचं पण तेच निघालं.

दुसरा गुलाब जगला पण पावसाळ्यात खालून लांबच लांब काटेरी फुटवे आले आणि फूल एकही नाही. डोळा भरलेला भाग, म्हणजे वर जोडलेला चांगला गुलाब मेला होता आणि ज्यावर तो जोडतात तो खालचा रानटी खुंट वाढत होता. एका देठावर पाच पानं असली तर चांगला, सात असली तर रानटी असं सगळे सांगतात, पण ते सरसकट खरं नसतं, फुटवा जोडाच्या वरून आलाय की खालून तेवढं बघा, खालून असेल तर लगेच मुळापासून काढा. खताचे दाणे पाण्यात टाकले तर रंग सुटला आणि खाली नुसते खडे राहिले. मोगरा तेवढा खरा निघाला, अजून फुलतोय.

चाफ्याचं मात्र कळायला फार उशीर झाला आणि त्याचंच जास्त वाईट वाटतं. वरची दोन फुलं आठवड्यात सुकली, ती डहाळी हिरव्या दोऱ्याने बांधलेली होती हे सुकल्यावर दिसलं, तरी झाड जिवंत आहे म्हणून मी मन समजावलं. 16 इंची कुंडी, शेणखत, निंबोळी पेंड सगळं केलं, झाड डोक्याच्या वर गेलं. सासूबाई रोज सकाळी चहाच्या आधी टेरेसवर जाऊन विचारायच्या, कळी दिसते का गं? सव्वा वर्ष. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला गेले तेव्हा एका स्टॉलवरच्या काकांना मोबाईलमधला फोटो दाखवला, ते म्हणाले आधी ती पट्टी काढून बघा. घरी येऊन काढली तर खाली सरळ गुळगुळीत खोड, ना जोड, ना गाठ, ना सालीत फरक. बियांचं साधं रोप, त्याला नुसती पट्टी गुंडाळलेली.

वर्षभर फुलणारी, वर्षानुवर्षं टिकणारी झाडं घेताना हीच अडचण आहे, खोटं उघडं पडेपर्यंत विकणारा कुठेच नसतो. म्हणून विकत घेतानाच पट्टी थोडी सरकवून जोड दाखवा म्हणायचं, नाही म्हणाला तर नको. खोड मातीजवळ धरून हलकं वर ओढायचं, रुजलेलं रोप माती घेऊन वर येतं, खोचलेली फांदी एकटीच सुटते. पिशवीच्या खालच्या भोकांतून मूळ दिसतंय का बघायचं. शक्यतो कायमची जागा असलेल्या नर्सरीतूनच घ्यायचं आणि बिल मागायचंच, त्यावर 'कलम' असं लिहून घ्यायचं, बिल असेल तर ग्राहक हेल्पलाईनला 1915 वर तक्रार तरी करता येते. आणि ऑनलाईन निळ्या गुलाबाचं बी दिसलं तर ते अजिबात घेऊ नका, गुलाबात निळा रंग तयार करणारा जीनच नसतो, जपानमध्ये जनुकं बदलून केलेला 'निळा' गुलाब 2009 मध्ये विक्रीला आला तो पण प्रत्यक्षात जांभळटच आहे.

आता नर्सरीतून बिल घेऊन खरं कलम आणलंय, जोड बोटाला लागतो, सासूबाईंना पण हात लावून दाखवला.

गेल्या रविवारी शेजारच्या गल्लीत तसाच टेम्पो दिसला, माणूस दुसरा होता. दोन बायका गुलाबाचा भाव करत होत्या, मी जवळ जाऊन म्हटलं ताई पैसे द्यायच्या आधी खोड धरून जरा ओढून बघा. त्यांनी ओढलं, आणि अख्खी फांदी हातात आली.